हृदयाचा बिघडलेला ताल आणि लकव्याची पूर्वसूचना

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मेळाव्यात शिक्षकाने शिक्षणावर बोलावे असा आपला प्रघात आहे. मी मात्र आज एका आजारावर बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला, मुलांना भाषा आणि इतिहास शिकवणारा साधा शिक्षक आहे. तेव्हा मी जे सांगेन ते औषधोपचार म्हणून घेऊ नका. जाणत्या डॉक्टरांकडून व पुस्तकांतून एका शिक्षकाने समजून घेतलेला धडा म्हणून घ्या. हा धडा मी का गिरवला, ते आधी सांगतो.

मोमिनपुऱ्यात माझ्या मामूंचे शिलाईचे लहानसे दुकान होते. लहानपणी त्यांचे गुडघे आणि घोटे सुजत, ताप येई. घरात म्हणत, "पोरगा वाढतोय, हाडं दुखणारच." पुढे चाळिशी ओलांडल्यावर त्यांना जिना चढताना धाप लागू लागली. दवाखान्यात तपासणी झाली, कार्डिओग्राम निघाला, सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली. हृदयाची एक झडप आकसली आहे आणि ठोके अनियमित पडतात असे निदान झाले. रक्त पातळ करणारी रोज एक गोळी आणि महिन्यातून एकदा रक्ताची तपासणी, असे ठरले. सात-आठ महिने त्यांनी ते केले. मग रमजान आला. दिवसा गोळी घेता येत नाही म्हणून बंद केली. तपासणीच्या रांगेत उभे राहिले की ईदच्या शिलाईचा एक दिवस बुडतो, म्हणून तपासणीही बंद केली. ईद झाली. प्रकृती बरी वाटत होती. "बरं वाटतंय, मग गोळी कशाला?" असे ते म्हणाले आणि आम्ही सर्वांनी मान डोलावली.

दोन महिन्यांनी फजरच्या वजूला बसले असता त्यांच्या उजव्या हातातून लोटा निसटला. तो उचलायला हात गेलाच नाही. हाक मारायला तोंड उघडले तर शब्द फुटेना. वय 46.

मामू हयात आहेत, अल्लाहचे आभार. पण ज्या हाताने ते कात्री चालवत तो हात आता मांडीवर पडून असतो. माझे नाव त्यांना ठाऊक असते, पण जिभेवर येत नाही. त्यांचा मोठा मुलगा तेव्हा अकरावीत होता. तो दुकानावर बसला आणि त्याचे कॉलेज सुटले. ही गोष्ट शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर सांगण्याचे कारण एवढेच की आपल्या वस्तीत शाळा सोडणारी सर्वच मुले अभ्यासाला कंटाळून शाळा सोडत नाहीत. घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला की पहिला घाव मुलाच्या शिक्षणावर पडतो.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला आजही जड जाते. मामूंचे बँकेचे फॉर्म, रेशनकार्डाचे अर्ज, दुकानाचे कागद मीच वाचून द्यायचो. दवाखान्याची फाईल मात्र मी कधी उघडली नव्हती. ती उघडली लकवा मारल्यानंतर. पहिल्याच पानावर इंग्रजीत लिहिले होते की नाडी अत्यंत अनियमित आहे, मेंदूत गुठळी जाण्याचा धोका आहे, गोळी बंद करू नये. म्हणजे जे घडले ते डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवले होते. घरात शिकलेला माणूस होता, कागद घरात होता आणि तरी तो कोणी वाचला नाही.

आता हा आजार काय आहे ते पाहू. हृदयाला चार कप्पे असतात हे विद्यार्थ्यांना माहीत आहे. पालकांनी वरच्या दोन कप्प्यांचे नाव कर्णिका असे पाठ केले असेल. आजच्या पुस्तकात त्यांना अलिंद म्हणतात. उजव्या कर्णिकेच्या भिंतीत एक लहानसे ठिकाण आहे. तिथून विजेचा बारीक संदेश निघतो आणि मिनिटाला 60 ते 100 या हिशेबाने हृदय ठोके देते. नमाजाच्या सफमध्ये जसे सर्वजण इमामाच्या एका तकबीरवर झुकतात, तसे हृदयाचे सारे स्नायू या एका संदेशावर आकुंचन पावतात.

काही रोग्यांत ही शिस्त मोडते. कर्णिकेत ठिकठिकाणांहून संदेश उठू लागतात, मिनिटाला 350 ते 600 पर्यंत. एवढ्या वेगाने कर्णिका आकुंचन पावू शकत नाही. ती नुसती थरथरत राहते. या थरथरीला डॉक्टर ॲट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. खालच्या कप्प्यांपर्यंत यातले काही संदेश पोचतात, काही पोचत नाहीत, म्हणून नाडी कधी लवकर, कधी उशिरा, कधी जोरात, कधी हलकी पडते.

थरथरणाऱ्या कर्णिकेतून रक्त पूर्ण बाहेर पडत नाही. साचलेले पाणी जसे गढूळ होते, तसे साचलेले रक्त गोठू लागते. डाव्या कर्णिकेला पिशवीसारखा एक लहान कोपरा असतो. गुठळी बहुधा तिथे धरते. ती सुटली की खालच्या कप्प्यातून महाधमनीत आणि तिथून मानेतल्या रक्तवाहिनीने मेंदूत जाते. ज्या ठिकाणी ती अडकेल तिथला मेंदूचा भाग रक्तावाचून मरू लागतो. यालाच आपण लकवा मारला म्हणतो, वडीलधारी मंडळी फालिज पडला म्हणतात.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रॅमिंगहॅम नावाचे गाव आहे. तिथे 1948 पासून 5,209 रहिवाशांच्या हृदयाची वर्षानुवर्षे तपासणी चालली. त्या पाहणीतून 1978 साली डॉ. फिलिप वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ज्यांच्या हृदयाचा ताल असा बिघडला आहे त्यांना लकव्याचा धोका इतरांच्या पाचपटीहून अधिक असतो. आणि त्याच जोडीला सांधेज्वराने झडप बिघडलेली असेल तर तो सतरापट होतो. माझ्या मामूंची गणना या दुसऱ्या गटात होती.

कोणी म्हणेल, हे अमेरिकेचे झाले, आपल्याकडे काय? आपल्याकडचे सांगतो. मुंबईत 2005 आणि 2006 या दोन वर्षांत डॉ. दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली लकव्याची नोंद ठेवण्यात आली. पहिल्यांदाच लकवा झालेले 456 रुग्ण सापडले. त्यांपैकी 366 जणांचा लकवा रक्तवाहिनी तुंबल्यामुळे झाला होता. रक्तस्राव झालेले 81 होते. आणि आपल्या विदर्भातील उदाहरण तर त्याहून बोलके आहे. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेतील डॉ. योगेश्वर काळकोंडे, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 86 गावांतील 94,154 लोकवस्तीत दोन वर्षांतील प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. 1,599 मृत्यूंपैकी 229 लकव्याने झाले होते. मृत्यूच्या साऱ्या कारणांत लकव्याचा क्रमांक पहिला निघाला. लकव्याने गेलेल्यांपैकी शंभरात 87 जणांनी घरीच प्राण सोडला. 2015 साली ही पाहणी प्रसिद्ध झाली. लकवा हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा रोग आहे, ही आपली समजूत या पाहणीने खोटी ठरवली.

हे सर्व लकवे हृदयाच्या तालामुळे होतात असे मात्र नाही. उच्च रक्तदाब हे सर्वांत मोठे कारण आहे. पण तालामुळे होणारा लकवा बहुधा मोठा असतो, कारण हृदयातून निघालेली गुठळी मोठी असते. आणि त्याची पूर्वसूचना मिळू शकते, म्हणून तो आज मी विषय केला आहे.

पूर्वसूचना मिळवायची पहिली पायरी अगदी स्वस्त आहे. ती म्हणजे आपली तीन बोटे. इब्न सीना, ज्याला युरोपात अविसेना म्हणतात, तो 980 ते 1037 या काळात होऊन गेला. त्याच्या 'अल-कानून' या ग्रंथात नाडी पाहताना दहा गोष्टी पाहाव्यात असे सांगितले आहे. नाडी एकसारखी आहे की बदलती, तिला क्रम आहे की नाही, हे त्यात येते. आपल्या वस्तीत जुने हकीम नब्ज पाहत, ती परंपरा तिथून आली. 1906 साली हॉलंडमधील आईंथोव्हेन यांनी आपल्या यंत्रावर या बिघडलेल्या तालाचा आलेख काढला आणि बोटाला जे जाणवत होते ते कागदावर उमटले.

विद्यार्थी मित्रांनो, हे तुम्ही आज घरी करून पाहा. आजोबा किंवा नानी स्वस्थ बसलेले असताना त्यांच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, तीन बोटे हलकेच ठेवा. घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण आपल्याला संख्येइतकाच तालही पाहायचा आहे. ठोके समान अंतराने पडत असतील तर ठीक. मधूनच एखादा ठोका चुकत असेल तर तो बहुधा निराळा आणि कमी गंभीर प्रकार असतो. तरी डॉक्टरांच्या कानावर घालावा. पण ठोक्यांना काहीच क्रम लागत नसेल, पुढचा ठोका केव्हा पडेल याचा अंदाजच येत नसेल, तर त्याच आठवड्यात कार्डिओग्राम काढून घ्यावा. बोटाने शंका येते, निदान कार्डिओग्रामनेच होते.

इथे एक अडचण आहे. हा बिघाड काही रोग्यांत येतो आणि जातो. कार्डिओग्राम काही सेकंदांचा असतो. त्या सेकंदांत हृदय शिस्तीत वागले तर कागद स्वच्छ निघतो. म्हणून शंका असेल तर डॉक्टर चोवीस तास अंगावर बांधायचे यंत्र देतात. गुजरातच्या आणंद जिल्ह्यात गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी मोबाईलला जोडलेल्या छोट्या यंत्राने खेड्यांतील लोकांचे ठोके काही दिवस पुन्हा पुन्हा तपासले, तेव्हा एकदा तपासून न सापडलेले रोगी पुढच्या तपासणीत सापडले. म्हणून एक कार्डिओग्राम चांगला आला की आयुष्यभर निश्चिंत झालो, असे समजू नये.

ताल बिघडण्याआधीच तो कोणाचा बिघडेल हे सांगता येते काय? काही प्रमाणात येते. वय वाढलेले, रक्तदाब जास्त, वजन जास्त, मधुमेह, तंबाखू-सिगारेट, पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, हृदय कमजोर झालेले: अशा माणसांत तो अधिक आढळतो. या गोष्टी मांडून पुढील पाच वर्षांचा अंदाज काढणारे एक गणित 2013 साली प्रसिद्ध झाले. त्याला 'चार्ज-ए-एफ' म्हणतात. याशिवाय गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा अतिरेक, मद्य आणि झोपेत श्वास अडकणे हीही कारणे आहेत. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाल्यावर पहिल्या काही दिवसांत अनेकांचा ताल बिघडतो, म्हणून त्या काळात यंत्राने लक्ष ठेवतात. 2019 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी तर संगणकाला लाखो कार्डिओग्राम शिकवले. वरवर निर्दोष दिसणाऱ्या कार्डिओग्रामवरूनही या माणसाचा ताल कधी बिघडतो का, याचा बराच चांगला अंदाज त्या संगणकाने दिला. (सेंट्रल अव्हेन्यूवरील आपल्या मेयो रुग्णालयाशी त्या मेयोचा संबंध नाही, हे सांगून ठेवतो, नाहीतर उद्या सकाळी तिथे रांग लागायची!) ही विद्या अजून घरोघर पोचायची आहे. बोटे मात्र प्रत्येकाजवळ आहेत.

आता समजा ताल बिघडल्याचे कळले. पुढचा प्रश्न, याला लकवा होण्याचा धोका किती? यासाठी डॉक्टरांनी गुणपत्रिका केली आहे. पहिली 2001 साली झाली, तिची सुधारलेली आवृत्ती 2010 साली आली. तिला 'चॅड्स-व्हॅस्क' म्हणतात. आपल्या शाळेच्या गुणपत्रिकेप्रमाणेच ती साधी आहे, फक्त इथे गुण जितके कमी तितके चांगले. हृदय कमजोर असेल तर 1 गुण. उच्च रक्तदाब असेल तर 1. मधुमेह असेल तर 1. रक्तवाहिन्यांचा विकार किंवा पूर्वी हृदयविकाराचा झटका असेल तर 1. वय 65 ते 74 असेल तर 1, आणि 75 किंवा अधिक असेल तर 2. पूर्वी एकदा लकवा होऊन गेला असेल, मग तो काही मिनिटांत बरा झालेला का असेना, तर 2. पूर्वी स्त्रियांसाठी आणखी 1 गुण धरीत; 2024 साली युरोपातील हृदयतज्ज्ञांच्या संस्थेने तो वगळला. बेरीज 2 किंवा अधिक झाली तर रक्त पातळ करणारे औषध द्यावे आणि 1 आली तर त्याचा विचार करावा, असे त्यांचे मत आहे.

उदाहरण घ्या. घरात 70 वर्षांची दादी आहे. तिला रक्तदाब आहे, साखरही आहे आणि ताल बिघडलेला निघाला. वयाचा 1, रक्तदाबाचा 1, साखरेचा 1, मिळून 3. तिला काहीच त्रास होत नसेल, ती घरभर फिरत असेल, तरी तिला औषधाची गरज आहे. बरे वाटणे आणि धोका नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माझ्या मामूंच्या घरात आम्ही हीच गफलत केली.

या गुणपत्रिकेच्या दोन मर्यादा मात्र लक्षात ठेवल्या पाहिजेत. पहिली अशी की ती जमावाचा अंदाज सांगते, एकट्याचे भविष्य सांगत नाही. दहावीच्या पूर्वपरीक्षेवरून मी सांगू शकतो की वर्गातून साधारण किती मुले उत्तीर्ण होतील. पण शेवटच्या बाकावरचा अमुक मुलगा पास होईल की नापास, हे छातीठोकपणे सांगू शकत नाही. अनेकदा त्या मुलांनी मला तोंडघशी पाडले आहे. तरी पूर्वपरीक्षा घेणे आपण सोडत नाही, कारण कोणाला आधी मदत करायची ते तिच्यावरून ठरते.

दुसरी मर्यादा आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ज्यांची झडप सांधेज्वराने बरीच आकसली आहे किंवा ज्यांना कृत्रिम धातूची झडप बसवली आहे, त्यांना ही गुणपत्रिका लागूच नाही. मामूंचे गुण या हिशेबाने फारच थोडे भरले असते. त्यांचे वय कमी, साखर नाही, रक्तदाब नाही. पण ताल बिघडलेला आणि झडप आकसलेली, एवढ्यावरच औषध आवश्यक होते. श्रीमंत देशांत हा आजार बहुधा म्हाताऱ्यांचा आहे. आपल्याकडे तसे नाही. मुंबईचे डॉ. अमित व्होरा आणि देशभरातील त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 1,537 रोग्यांची नोंद 2017 साली प्रसिद्ध केली. त्यांचे सरासरी वय 55 च्या आत होते आणि शंभरातल्या जवळजवळ 48 जणांना सांधेज्वराने बिघडलेल्या झडपेचा विकार होता. म्हणजे आपल्या देशात हा रोग कमावत्या वयात, मुले शाळेत असतानाच गाठतो.

औषधाविषयी थोडेसे. वॉरफेरिन आणि त्याच जातीची औषधे जुनी आहेत. नीट घेतली तर झडपेचा विकार नसलेल्या रोग्यांत लकव्याचा धोका जवळजवळ दोन-तृतीयांशाने कमी होतो. त्यांचे प्रमाण जास्त झाले तर रक्तस्राव होतो, कमी झाले तर गुठळी होते, म्हणून नियमित रक्ततपासणी लागते. ही तपासणी डॉक्टरांची हौस नव्हे. नवीन गोळ्या निघाल्या आहेत, त्यांना अशी वारंवार तपासणी लागत नाही आणि पुष्कळ रोग्यांना त्या सोयीच्या ठरतात. परंतु सांधेज्वराच्या झडपेसाठी काय चांगले हे पाहण्यासाठी 24 देशांत साडेचार हजारांवर रोग्यांचा अभ्यास झाला. दिल्लीच्या एम्समधील डॉ. गणेशन कार्तिकेयन हे त्याचे एक प्रमुख होते. 2022 साली निष्कर्ष आला की या रोग्यांसाठी जुनी वॉरफेरिनच चांगली. तेव्हा शेजाऱ्याची महागडी गोळी पाहून आपली बदलू नका. तसेच ॲस्पिरिन म्हणजे रक्त पातळ करणारीच गोळी, ती घेतली की भागते, हाही गैरसमज आहे. इंग्लंडमध्ये 75 वर्षांवरील 973 रोग्यांवर झालेल्या अभ्यासात, जो 2007 साली प्रसिद्ध झाला, ॲस्पिरिन घेणाऱ्यांत लकव्यासारखे गंभीर आघात वर्षाला शंभरात 3.8 होते, तर वॉरफेरिन घेणाऱ्यांत 1.8.

आता रमजानविषयी बोलतो, कारण आपल्या घरांत गोळी बहुधा तिथेच सुटते. वॉरफेरिन दिवसातून एकदाच घ्यायची असते. ती इफ्तारनंतर ठराविक वेळी घेता येते. मामूंना हे कोणी सांगितले असते, किंवा आम्ही नुसते विचारले असते, तर रोजाही झाला असता आणि गोळीही चुकली नसती. काही गोळ्या दिवसातून दोनदा असतात. त्यांचे काय करायचे हे शाबानमध्येच डॉक्टरांना विचारून घ्यावे. उपवासात खाण्यापिण्याचे मान बदलते, त्यामुळे रक्ताचा पातळपणाही बदलू शकतो, म्हणून त्या महिन्यात तपासणी टाळण्याऐवजी वेळेवर करावी. आणि डॉक्टरांनी रोजा नको म्हटले तर आजाऱ्याला कुरआन शरीफमध्येच सवलत दिली आहे. ती सवलत घेणे हा कमीपणा नाही.

आणखी चार सूचना. पालक, मेथी या भाज्या बंद करू नका, पण आज शून्य आणि उद्या ढीगभर असेही करू नका. वॉरफेरिनवर त्यांचा परिणाम होतो. दुकानातून अंगदुखीची गोळी परस्पर घेऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो. हिजामा करून घेण्यापूर्वी, दात काढण्यापूर्वी, कोणतीही जडीबुटी किंवा कुश्ता घेण्यापूर्वी, "मी रक्त पातळ करणारी गोळी घेतो" हे वाक्य समोरच्याला सांगा. आणि एवढे करूनही तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोबडी वळली, तर मालिश, तावीज, कबूतराचे रक्त यांत वेळ घालवू नका. दुवा जरूर करा, पण रिक्षात बसून करा. मेंदूचा सी.टी. स्कॅन होईल अशा मोठ्या रुग्णालयात तडक न्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ते द्यायचे की नाही हे ठरवताना रोगी कोणत्या गोळ्या घेतो हे डॉक्टरांना कळावे लागते. म्हणून फाईल सोबत न्या.

पालकहो, मामूंच्या रोगाची सुरुवात दुकानात झाली नव्हती. ती ते तुमच्या मुलांएवढे असताना झाली होती. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूने सुजतो. बहुतेकांचा बरा होतो. काहींना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, मोठे सांधे एकामागून एक सुजतात, हाच सांधेज्वर. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपेवर व्रण राहू शकतो आणि ती वर्षानुवर्षे आकसत जाते. दाटीवाटीच्या घरांत हा जंतू लवकर पसरतो. म्हणून ताप आणि सुजलेले सांधे हे कधीही वाढीचे दुखणे समजू नका. सांधेज्वर झालेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन, डॉक्टर सांगतील तितकी वर्षे द्यावे लागते. युगांडात 818 मुलांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या झडपेत नुकताच बिघाड दिसू लागला होता अशांपैकी इंजेक्शन घेणाऱ्यांत दोन वर्षांत शंभरात एकाहून कमी मुलांचा विकार वाढला, न घेणाऱ्यांत आठांचा.

आणि इथे शाळेचा संबंध येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच महाराष्ट्रात पालघरला सुरू झाला. त्यातील पथक शाळेत येऊन मुलांची तपासणी करते आणि त्याच्या यादीत सांधेज्वराचा हृदयविकार आहे. तपासणीच्या दिवशी आपले काही पालक, विशेषतः मुलींचे, मुलांना घरी ठेवतात. कृपा करून तसे करू नका. पथकाने चिठ्ठी दिली तर ती दप्तरात पडू देऊ नका. झडपेच्या शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत होऊ शकतो. पैशाच्या भीतीने तपासणी टाळण्याचे कारण नाही.

शेवटी मी माझ्या विद्यार्थ्यांना एक गृहपाठ देतो. येत्या रविवारी घरातील चाळिशीवरच्या प्रत्येकाची नाडी एक मिनिट मोजा आणि वहीत लिहा: नाव, ठोके, ताल सारखा की बिघडलेला. ज्यांच्या घरात दवाखान्याची फाईल असेल त्यांनी ती उघडून शेवटचे पान मोठ्याने वाचावे. शब्द कळला नाही तर तो माझ्याकडे घेऊन या; मला नाही कळला तर आपण डॉक्टरांकडे जाऊ. तुम्ही शाळेत वाचायला शिकला आहात. त्याचा पहिला उपयोग घरच्यांना होऊ द्या. मी हा गृहपाठ वेळेवर केला नाही, आणि त्याची किंमत माझ्या मामेभावाने आपल्या कॉलेजने चुकती केली. गेल्या वर्षी त्याने बाहेरून बारावीची परीक्षा दिली आणि तो पास झाला. दुकान अजून तोच सांभाळतो. रात्री दुकान बंद केल्यावर तो वडिलांची गोळी स्वतःच्या हाताने देतो आणि कॅलेंडरवर खूण करतो.